दोनशे बारा गिरण्या, एकही तक्रार नाही

व्हेस्टर लेक, मिनेसोटा
३ मार्च १९८६

प्रिय मारित,

तुझ्या बापाकडून कळलं की तुमच्या मासिकाच्या प्रयोगशाळेत या उन्हाळ्यात मिरे दळायच्या गिरण्यांची परीक्षा होणार आहे आणि ते काम तुझ्याकडे आलं आहे. हे सांगताना तो असा हसत होता, जणू तुला बेडूक मोजायला बसवलंय. मी म्हटलं, "हसू नकोस. आपल्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिली. बेडूक मोजले तरी बरोबर मोजेल."

सोबत माझी एक गिरणी पाठवतो आहे. अक्रोडाचं लाकूड, सात इंच उंची. आतलं पोलादी जातं आणि त्याची चौकोनी सळई कॅटलॉगातून मागवतो, बाकी सगळं माझ्या हातचं. बुडाशी नंबर, वर्ष आणि 'आजन्म हमी' हे शब्द डागलेले आहेत. १९५५ पासून अशा दोनशे बारा केल्या. गावात कुणाचं लग्न झालं, कुणी निवृत्त झालं, नवा पाद्री आला, की माझी गिरणी ठरलेली. एकतीस वर्षांत दुरुस्तीला एकही परत आली नाही. मिलवॉकीत असं सांगणारा कुणी आहे का, बघ.

आणखी एक. सप्टेंबरात आपल्या चर्चला शंभर वर्षं होतात. मंडळाच्या बैठकीत पाद्री एलिंगबो म्हणाले, प्रत्येक कुटुंबाला काही आठवण द्यायला हवी. सगळे गप्प. मी म्हटलं, "मी गिरण्या करून देतो, एकशे चाळीस." पुन्हा सगळे गप्प, बराच वेळ. मग पाद्री म्हणाले, "पामर, फार मेहनत पडेल हो तुम्हाला." मी म्हटलं, छे. ते म्हणाले, "नाही, खरंच फार." असं तीनदा झालं तेव्हा कुठे ठराव मंजूर झाला. माणसं अगदी भारावून गेली होती.

काकू म्हणते, कानटोपी घालत जा.

तुझा,
पामरकाका


मिलवॉकी, विस्कॉन्सिन
१० मार्च १९८६

प्रिय पामरकाका,

गिरणी पोचली. आमच्या टायपिस्ट बाईंनी ती गालाला लावून पाहिली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. तरीही आजच्याच टपालाने ती मी परत पाठवते आहे. कृपा करून रागावू नका.

आमचा नियम असा आहे की बनवणाऱ्याकडून वस्तू घ्यायची नाही. कुठल्याही दुकानात जायचं, आपण कोण ते सांगायचं नाही आणि चार गिऱ्हाइकांसारखी विकत आणायची. माझे वरिष्ठ डुडेकसाहेब म्हणतात, "बनवणारा पाठवतो ती त्याची लाडकी लेक असते. आपल्याला घरातली बाकीची पोरं बघायची आहेत."

मग वस्तूचं नाव काढून तिला नुसता नंबर देतात. गिरणी एका मोटारीला जोडतात. मोटारीचा पंजा माणसाच्या मनगटासारखा गिरणीचं डोकं फिरवतो, मिनिटाला चाळीस फेऱ्या. दर शंभर फेऱ्यांना मी पडलेली पूड तोलते. साडेछत्तीस हजार फेऱ्या झाल्या की परीक्षा संपते. रोज दहा फेऱ्या धरल्या तर एका कुटुंबाची ही दहा वर्षं.

बाबा हसतात ते मला माहीत आहे. पण काका, एखादी बाई दुकानात उभी राहून वस्तू उलटसुलट करून बघते, तेव्हा तिच्याशी खरं बोलणारं तिथे कुणीच नसतं. कुणीतरी असावं म्हणून मी हे काम धरलं. मिऱ्यांच्या बाबतीतही ते खरंच असायला हवं.

काकूला सांगा, कानटोपी घालते.

तुमची,
मारित


व्हेस्टर लेक
१४ मे १९८६

प्रिय मारित,

नियम म्हणजे नियम. माझा राग दोन दिवसांत गेला. काकू म्हणते अकरा, पण तिचं मोजमाप सैल असतं.

आता ऐक. शनिवारी मासेमारीचा हंगाम उघडला. लाइलच्या दुकानात गळ, गांडुळं आणि जिवंत आमिष मिळतं, आणि काउंटरवर माझ्या दोन-तीन गिरण्याही असतात. सकाळी सहाला विस्कॉन्सिनच्या नंबरप्लेटची गाडी आली. निळी टोपी घातलेला एक जाडा माणूस उतरला. त्याने बादलीभर आमिष घेतलं, मग गिरणी उचलली, उलटी केली, बुडावरचं वाचलं आणि म्हणाला, "आजन्म म्हणजे कुणाचा जन्म?" लाइल म्हणाला, "ते पामरला विचारावं लागेल." माणसाने गिरणी घेतली आणि पावतीही मागितली. गांडुळांच्या दुकानात पावती मागणारा माणूस लाइलने पहिल्यांदाच पाहिला. पावतीवर नाव सांगितलं, डुडेक.

मी काही विचारत नाही. तूही काही सांगू नकोस. पण मी हल्ली शीळ घालतो, असं काकूचं म्हणणं आहे.

तुझा,
पामरकाका


मिलवॉकी
२ जून १९८६

प्रिय पामरकाका,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. इथे हवा बरी आहे, तळ्यावरून वारा असतो. लायलॅकची फुलं येऊन गेली.

परीक्षा व्यवस्थित चालू आहे. एकूण चौदा गिरण्या आहेत. पाच नंबर फार आवाज करते. अकरा नंबरच्या पोटात मिरे अडकतात. नऊ नंबर लाकडाची आहे आणि तिची घडण पाहायला इतर खोल्यांतले लोक येतात. तिच्याइतकं बोलणं इथे दुसऱ्या कुठल्याच गिरणीबद्दल झालं नाही.

एकशे चाळीसचं काम घाईने करू नका. पाठीला जपा. उन्हाळा मोठा आहे.

तुमची,
मारित


व्हेस्टर लेक
७ जून १९८६

प्रिय मारित,

पत्र जेवताना मोठ्याने वाचलं आणि लायलॅकचं वाक्य सोडून बाकी दोनदा वाचलं. नऊ नंबर. मी आकडा कुणाला सांगितलेला नाही. फक्त पाद्रींना, लाइलला आणि दूध न्यायला येणाऱ्या माणसाला सांगितला.

तू पाठीला जप म्हणालीस, पण अशा वेळी माणसाला पाठ असते का? चाळीस धडं लेथवर उतरवून झाली. अक्रोडाचे दोन ओंडके संपले, तिसरा उद्या येतो.

तुझा,
पामरकाका


मिलवॉकी
१० जून १९८६

प्रिय आर्डिसकाकू,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. काका गोठ्यात असताना वाच.

नऊ नंबर ९१४ फेऱ्यांना बंद पडली. साडेछत्तीस हजारांपैकी नऊशे चौदा. म्हणजे रोज दहा फेऱ्या धरल्या तर तीन महिने. जातं उत्तम आहे, लाकूड उत्तम आहे. दोष एकाच जागी आहे. जात्याची चौकोनी सळई वर गिरणीच्या डोक्यात शिरते, तिथलं भोक नुसत्या लाकडात कोरलेलं आहे. पोलाद लाकडाला झिजवतं, चौकोनी भोक गोल होतं आणि मग डोकं नुसतंच फिरत राहतं, खाली काही हलत नाही. दुसरी गिरणी माझ्या टेबलावर होती, तुम्ही मला पदवीला दिलेली. जेवणाच्या सुट्टीत मी तीही लावून पाहिली. ८८७.

मला एकच कळत नाही. गावात दोनशे बारा गिरण्या आहेत आणि एकतीस वर्षांत एकही परत आली नाही, हे कसं? मी कुठे चुकते आहे का? चुकत असेन तर बरं होईल, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटतं आहे.

मी काकांना जे पत्र लिहिलं ते तू ऐकलंच असशील. त्याची मला लाज वाटते.

तुझी,
मारित


व्हेस्टर लेक
१६ जून १९८६

प्रिय मारित,

पोरी, आधी खाली बस.

तू चुकलेली नाहीस. सगळ्या बंद पडल्या आहेत. माझी १९५७ च्या नाताळात बंद पडली. तेव्हा तुझा काका न्यूमोनियातून उठला होता, मला सांगवेना. दर बुधवारी तो दुधाच्या संघात गेला की मी मिरे फडक्यात बांधून हातोडीने कुटते. ती पूड गिरणीत भरते आणि जातं सैल करून ठेवते. तो डोकं फिरवतो, गिरणी हलते, पूड गळते. मग ताटाकडे बघून म्हणतो, "बघ किती बारीक पडते." एकोणतीस वर्षं मी म्हणते आहे, "काही वाईट नाही."

गावाचंही तसंच. तो कॉफीला येतो, गिरणीकडे बघतो, विचारतो, "चालते ना?" आता दारात आलेल्या माणसाला काय सांगायचं? आपण म्हणतो, "काही वाईट नाही." एकदा म्हटलं की अडकलो. पुढच्या वर्षी खरं सांगायचं तर गेल्या वर्षीचं काय? आणि इथे मिरे लागतात तरी किती. बटाट्यावर काळा ठिपका दिसला तर रस्त्यापलीकडच्या थोराचा दीर नॉर्मन विचारतो, यात काय पडलं.

त्याच्या नजरेआड गिरण्यांचे हाल विचारू नकोस. पाद्री एलिंगबो बैठकीत टेबलावर हातोड्यासारखी आपटतात. लाइल तिच्यावर गळाचा दोरा गुंडाळतो. माझ्या बहिणीकडे मोज्याच्या टाचा त्यावर ताणून रफू करतात. तो येतोय असं दिसलं की पुसून टेबलावर. म्हणून तर त्या बैठकीत सगळे गप्प झाले. प्रत्येक घरात आता न चालणाऱ्या दोन-दोन गिरण्या होणार.

त्याला सांगू नकोस, मारित. अडुसष्ट वर्षांचा आहे. दुसरं कशाचं त्याला एवढं वाटत नाही. मी आणखी दहा वर्षं कुटेन, माझा हात अजून चांगला आहे.

तुझी,
आर्डिसकाकू


मिलवॉकी
२० जून १९८६

प्रिय पामरकाका,

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

नऊ नंबर ९१४ फेऱ्यांना बंद पडली. लायलॅक वगैरे लिहून मी हेच लपवलं होतं. आकडे, फोटो आणि झिजलेल्या भोकाचं चित्र सोबत आहे. सप्टेंबरच्या अंकात चौदापैकी टिकाऊपणात तुमची गिरणी शेवटची छापली जाईल. ती तुमची आहे, हे मी डुडेकसाहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ती माझ्याकडून काढून स्वतः पुन्हा पहिल्यापासून परीक्षा घेतली, दुसरी विकत आणून. ९३१. तुम्ही मला पदवीला दिलेली मीही लावून पाहिली, ८८७.

मी कॉलेजला जाणार म्हटल्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. तुम्ही पिकअप काढलीत, तीन तास चालवलीत आणि वसतिगृहाच्या दारात म्हणालात, "तिथे जे शिकशील ते आम्हाला येऊन सांग, आम्हाला आवडलं नाही तरी." मी तेवढंच करते आहे. पण एकशे चाळीस घरांत ही गिरणी पुन्हा तशीच जाऊ नये, असंही मला फार वाटतं.

तुम्ही मला यानंतर पत्र लिहिणार नाही अशी भीती वाटते. तरी पाठवते आहे.

तुमची,
मारित


व्हेस्टर लेक
२७ जून १९८६

मारित,

पत्र मिळालं. हवा कोरडी आहे. गवताची पहिली कापणी झाली.

तुमचं मशीन बिघडलेलं आहे. कुणी माणूस मिनिटाला चाळीस वेळा मिरे दळत नाही, त्याला दुसरी कामं असतात. माझ्याकडे दोनशे बारा गिरण्यांचा पुरावा आहे आणि तुझ्याकडे तीन.

तरी तू इंजिनियर आहेस, तुला आकडे लागतात. फार्गोहून मी अख्ख्या मिऱ्यांची पिशवी आणली आहे. सोमवारपासून घरोघर जाणार, हमीखाली तपासणी म्हणून. प्रत्येक गिरणीत मिरे घालून माझ्यासमोर दळायला लावेन आणि तुला यादी पाठवीन.

पामर सुंडेट


व्हेस्टर लेक
९ जुलै १९८६

प्रिय मारित,

तू मला विचारून लिहायला हवं होतंस. पण लिहिलंस ते लिहिलंस. आता काय झालं ते ऐक.

त्याने पिशवी उचलली तशी मी फोन उचलला. चर्चच्या बायकांची फोनची साखळी तुला माहीत आहे, कुणी गेलं की कोण काय करून आणणार ते ठरवायला. पहिला फोन थोरा हॉव्देला केला. ती म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "अजून कुणी नाही, पण पामर मिरे घेऊन निघालाय." तिने फडताळ उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "माझी चालते."

मी विचारलं, "कशी काय?"

"मी कधी वापरलीच नाही. चांगली आहे ना, म्हणून."

म्हणजे अख्ख्या गावात चालणारी गिरणी एकच. साखळीने दहा मिनिटांत ठरवलं की पामर पुढच्या दाराने यायचा आणि थोराची गिरणी मागच्या दाराने. तो कॉफी घेत बसेल, त्याला घरी भाजलेले गोड बार खायला घालायचे, एक, मग दुसरा, तोवर गिरणी पुसून टेबलावर. तो दळेल, वहीत टिक करेल, "काही वाईट नाही" म्हणेल. तो पुढच्या दाराने बाहेर पडला की गिरणी मागच्या दाराने पुढच्या घरी.

सकाळी हे छान चाललं. बायका टोमॅटोच्या वाफ्यांमधून पळत होत्या. लाइलची बायको कुंपणावरून चढली, ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. पाद्रींच्या घरी गिरणी पोचायला उशीर झाला, तर पाद्रींनी पामरला बसवून शताब्दीचं सगळं भाषण वाचून दाखवलं. पंचवीस मिनिटं. पामरला त्याचं नवल वाटलं म्हणे, हा माणूस कधी सहा मिनिटांवर जात नाही.

आणि एक गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नाही, मारित. एकीच्याही. तो प्रत्येक गिरणीच्या बुडाशी नंबर डागतो.

तो तिसऱ्या घरापासूनच वाचत होता. पण बोलला नाही. तोही याच गावचा ना. कुणाच्या टेबलाशी बसून, त्यांची कॉफी पिऊन, तुम्ही खोटं बोलता असं कसं म्हणायचं? सातव्या घरी, माझ्या बहिणीकडे, त्याने दळलं, टिक केली, गिरणी उलटी केली, सरळ केली आणि अगदी हळू म्हणाला, "इर्ना, ही अठ्ठावन्न नंबरची. ही आज मला पाचव्यांदा भेटली. दमली असेल ती."

इर्ना म्हणाली, "आणखी एक बार घ्या."

त्याने घेतला. खाल्ला. मग घरी आला आणि सरळ आपली गिरणी काढून टेबलावर ओतली. त्यात मिरे नव्हते, माझी पूड होती. तो म्हणाला, "केव्हापासून?" मी सांगितलं. मी हातोडीही दाखवली. तो कार्यशाळेत गेला आणि तेव्हापासून जेवायलाच काय तो येतो. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याला ओरडताच येत नाही.

तुझी,
आर्डिसकाकू


व्हेस्टर लेक
४ ऑगस्ट १९८६

प्रिय मारित,

तेवीस दिवस मी कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण एरवीही मी फार बोलत नाही. अशाने माणसाचा निषेध वाया जातो.

भोक झिजलं त्याचं मला फार वाटत नाही. लाकूड आहे, झिजणारच. मला वाटतं ते दुसऱ्याचंच. एकोणतीस वर्षं मी ज्या बारीक पुडीची बढाई मारली ती आर्डिसच्या हातोडीची होती. त्यातल्या पहिल्याच वर्षी कुणी म्हटलं असतं, "पामर, हे बिघडलं," तर मी दुसऱ्या वर्षी बरी गिरणी केली असती. आज दोनशे बारावी कशी असती कुणास ठाऊक. मी एकच चूक दोनशे बारा वेळा केली आणि गावाने मला प्रत्येक वेळी कॉफी पाजली.

पाद्री आले होते. म्हणाले, "आम्हाला तुमचं मन दुखवायचं नव्हतं."

मी विचारलं, "एकतीस वर्षं?"

ते म्हणाले, "आधी थोडेच दिवस असं ठरलं होतं."

एकटी तू खरं बोललीस आणि मी तुझ्याच मशीनला खोटं पाडलं. ते पत्र मी खाली नुसतं नाव घालून संपवलं, त्याची मला जास्त लाज वाटते. काका लिहायला हवं होतं.

एकशे चाळीसचं काम थांबवलं आहे. आता सांग, त्या भोकाचं काय करायचं?

तुझा,
पामरकाका


मिलवॉकी
८ ऑगस्ट १९८६

प्रिय पामरकाका,

चित्र सोबत आहे. डोक्याच्या खालच्या बाजूला पितळेची चकती बसवायची, तीन स्क्रूंनी, आणि चौकोनी भोक त्या चकतीत कापायचं. मग सळई लाकडाला घासतच नाही. चकती दीड मिलिमीटर जाड असली तरी पुरे, पण तुम्ही तीन घालणार हे मला माहीत आहे. तुम्ही दिलेल्या माझ्या गिरणीला मी अशी चकती लावली आणि रात्रंदिवस मोटारीवर ठेवली. छत्तीस हजार पाचशे फेऱ्या पूर्ण. मोटारीचा पट्टा तुटला, गिरणी नाही. डुडेकसाहेबांनी टोपी काढली. मात्र अंकात दुकानातून आणलेली नऊ नंबरच छापली जाईल, नियम तो नियम.

आणखी एक सांगायचं आहे. गावावर फार रागावू नका. माझं दोन जूनचं पत्र पुन्हा वाचा. त्यात एकही वाक्य खोटं नाही, आणि तरी अख्खं पत्र खोटं आहे. मी चार वर्षं यंत्रशास्त्र शिकले, सत्यावर पानंच्या पानं लिहिली, आणि पहिली वेळ आली तेव्हा लायलॅकबद्दल लिहिलं. मीही व्हेस्टर लेकचीच आहे.

तुमची,
मारित


व्हेस्टर लेक
६ ऑक्टोबर १९८६

प्रिय मारित,

तुझा अंक आला. चौदापैकी चौदावी. 'टिकाऊपणा: फार कमी. दिसायला देखणी.' ते पान मी कार्यशाळेच्या दारावर ठोकलं आहे. लाइल येऊन म्हणाला, "देखणी म्हटलंय, पामर." मी म्हटलं, "त्याच्या आधीचंही वाच." तो म्हणाला, चष्मा आणला नाही.

ऑगस्टभर मी हमी पाळली. प्रत्येक घरी पिकअप घेऊन गेलो आणि म्हटलं, "बिघडलेली गिरणी द्या." पहिल्या दिवशी एकानेही दिली नाही. म्हणाले, अहो कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की देत. एकशे शहाऐंशी जमल्या. काही बाहेरगावी गेल्या, दोन मालकांबरोबर पुरल्या गेल्या, एकीत चिमणीने घर केलं आहे, ती ठेवली. सगळ्यांना तीन मिलिमीटरची चकती बसवली. आर्डिस स्क्रू आवळत होती. हातोडी तिने मला परत दिली. दांडा तिच्या हाताच्या आकाराने झिजला आहे.

शताब्दीच्या जेवणाला प्रत्येक टेबलावर चार-चार गिरण्या होत्या आणि सगळ्या चालत होत्या. इथेच गडबड झाली. या गावातल्या माणसांनी ताजे दळलेले मिरे कित्येक वर्षांत खाल्ले नव्हते. मी समोर बसलेला, म्हणून प्रत्येकाने बटाट्यावर, खिमा-नूडल्सच्या हॉटडिशवर, क्रीमच्या वाटाण्यावर भरपूर दळलं. दहा मिनिटांत अख्खा हॉल लालबुंद. डोळ्यांतून पाणी, नाकाला रुमाल. नॉर्मनला अशी शिंक आली की त्याची कवळी लोण्याच्या ताटलीत जाऊन बसली. पाहुणे बिशप उठून म्हणाले की इतकं हळवं चर्च त्यांनी आजवर पाहिलेलं नाही.

मी टेबलाटेबलाने फिरलो. "चालते ना?" सगळे म्हणाले, "काही वाईट नाही." अश्रू पुसत म्हणाले. त्या रात्री मी आर्डिसला म्हटलं, हे लोक सुधारणार नाहीत. दोन आठवडे मी कार्यशाळा उघडली नाही. चकत्या बसवल्या, पण मूळचं दुखणं तिथेच राहिलं, मग नवी गिरणी करायची कुणाच्या भरवशावर?

आज दुपारी टपालाने पत्र आलं. थोरा रस्त्यापलीकडे राहते, तरी तिने तिकीट लावून पाठवलं. तुला जसंच्या तसं उतरवून पाठवतो.

'प्रिय श्री. सुंडेट,

पाऊस हवा होता तेवढा झाला. तुमच्या भोपळ्यांचं कसं काय? आर्डिसने दिलेलं लोणचं छान होतं, बरणी परत करायची आहे. चर्चचा समारंभ छान झाला. तुम्ही आणि आर्डिसने फार कष्ट घेतले, सगळे तसं म्हणतात आणि मीही म्हणते.

माझ्या गिरणीबद्दल लिहायचं होतं. अठ्ठावन्न नंबर. गेली तेवीस वर्षं मी ती वापरली नाही आणि तिची काहीच कुरकुर नव्हती. आता तुम्ही सांगितलंत म्हणून रोज वापरते. ती चांगली आहे. पण तिच्या डोक्यावरचा नट फिरवता फिरवता आपोआप सैल होतो. सुरुवातीला बारीक पूड येते आणि जेवण संपेपर्यंत अर्धे मिरे अख्खेच पडतात. नॉर्मनच्या दातांचं तुम्हाला माहीतच आहे. मी दोऱ्याने नट बांधून पाहिला. जमलं नाही.

हे लिहावं की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. माझं मत आहे की ती बिघडलेली आहे.

हे हमीत बसत नसेल तर काहीच हरकत नाही.

आपली,
मिसेस थोरा हॉव्दे'

मी हे उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. आर्डिस म्हणाली, "काय झालं, कोण गेलं?" मी तिच्या हातात पत्र दिलं. तिने वाचून चष्मा काढला आणि म्हणाली, "माझाही होतो सैल. मला वाटलं, माझंच काही चुकतं."

नटाच्या खाली एक स्प्रिंगची चकती घालावी असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते कळव, आणि स्पष्ट कळव. बाहेर पाऊस चांगलाच लागला आहे. आर्डिस म्हणते, रस्त्यापलीकडेच तर आहे, उद्या सकाळी जा. मी बूट घालतो आहे. तक्रार आली आहे म्हटल्यावर बसून राहता येत नाही.

तुझा,
पामरकाका